धंद्याच्या कपाटाची चावी कोणाकडे आहे?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण प्रायव्हेट गिट रिपॉझिटरी कशी उघडायची ते स्क्रीनवर पाहिलं. कुठलं बटण कधी दाबायचं ते सगळं तिथे आहे, म्हणून इथे परत लिहीत नाही. इथे मला माझं मत मांडायचंय, आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो.

तुम्ही सुप्याला दोन व्हीएमसी चालवत असाल, श्रीरामपुरात मसाले करत असाल, नाहीतर शिर्डीत दहा खोल्यांचं लॉज सांभाळत असाल. तुमच्या धंद्याचं जे काही लिहून ठेवलेलं आहे, त्याची एक खासगी रिपॉझिटरी तुमच्या स्वतःच्या नावावर असलीच पाहिजे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर नको. कॉम्प्युटर कळतो म्हणून भाच्याच्या नावावरही नको. हा आयटीवाल्यांचा विषय नाही. जागेचा उतारा आपल्या नावावर आहे का हे आपण बघतो ना, तसाच हा विषय आहे.

आधी शब्द सोपा करू

जुन्या दुकानदाराकडे दोन वह्या असायच्या: रोजकीर्द आणि खतावणी. कीर्दीचा नियम एकच. जे झालं ते त्या तारखेला लिहायचं, पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर खाली नवी नोंद करून दुरुस्त करायची. खाडाखोडीच्या वहीवर ना बँक विश्वास ठेवायची, ना भागीदार.

गिट ही तुमच्या फायलींची रोजकीर्द आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी २००५ साली ती बनवली. फाइल बदलली की तुम्ही 'कमिट' करता, म्हणजे नोंद टाकता: काय बदललं, कधी, कोणी आणि का. 'का' हा भाग तुम्ही स्वतः लिहायचा, आणि तो मराठीत लिहिला तरी चालतो. 'दिवाळीसाठी मिरचीचं प्रमाण कमी केलं', 'नवा वाहतूक दर लावला', एवढं पुरे. सहा महिन्यांनी मागे जाऊन कुठल्याही तारखेची फाइल जशीच्या तशी काढता येते.

या सगळ्या वह्या ठेवायचं कपाट म्हणजे रिपॉझिटरी. आणि 'रिमोट' म्हणजे त्याच कपाटाची दुसरीकडे ठेवलेली हुबेहूब प्रत. ती गिटहब, गिटलॅब, बिटबकेट अशा सेवेवर असेल, नाहीतर घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, अगदी पेनड्राइव्हवरसुद्धा. रिमोट म्हटलं की इंटरनेट हवंच, हा गैरसमज आधी काढून टाका.

कंपन्यांना तर ही शिस्त आता नियमानेच लावली आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी, कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे कंपनीचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारं हवं, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. तुमची प्रोप्रायटरी फर्म असेल तर हा नियम तुम्हाला लागू नाही. पण कारण समजून घ्या. आजचा आकडा कितीही बरोबर असला, तरी तो कसा बदलत इथवर आला हे सांगता आलं नाही, तर त्याच्यावर कोणी विसंबत नाही.

शेडमधलं उदाहरण

समजा नागापूर एमआयडीसीत तुमचं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. एका पार्टचा सीएनसी प्रोग्राम मशीनमध्ये आहे, एक ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवर आहे आणि एक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरा' अशा नावांनी. रात्रपाळीच्या ऑपरेटरने टूल तुटू नये म्हणून फीड कमी केलं. योग्यच केलं. पण ते कुठेच लिहिलं नाही. तीन महिन्यांनी तोच जॉब परत आला, जुना प्रोग्राम चढवला आणि पहिल्याच तासात टूल तुटलं.

सीएनसीचा प्रोग्राम म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते. गिटला असल्या फायली सगळ्यात छान समजतात. जुन्या आणि नव्या प्रोग्रामात नेमकी कुठली ओळ बदलली, ते रंगात समोर दिसतं. प्रोग्राम बदलला की मशीनवरून परत आणून कमिट करायचा, एवढी सवय लावली तर 'चालू प्रोग्राम कुठला?' हा प्रश्नच संपतो. शेडमधली खरी विद्या ऑपरेटरच्या डोक्यात असते, आणि चांगला ऑपरेटर आपल्याकडे जन्मभर थांबेल याची हमी कोणाची? तो गेला तरी त्याने शोधलेलं फीड आपल्याकडे राहायला हवं.

मसाल्यांचंही तसंच. समजा काळ्या मसाल्याचं प्रमाण तुम्ही एका साध्या फाइलमध्ये ठेवलंय, आणि बॅच नंबर टाकताना त्या दिवशीचं प्रमाण कमिट केलंय. पुण्याचा दुकानदार म्हणाला, 'ताई, मागच्या वेळचा माल जास्त तिखट होता', तर बॅच नंबरवरून दोन मिनिटांत कळतं की त्या दिवशी नेमकं काय बदललं होतं. अंदाजाने माफी मागावी लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातलं ताजं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. लेटरहेड, कोटेशनचा नमुना, लेबलचा मजकूर, वेबसाइटवरचा पत्ता, वॉरंटी कार्ड, सगळीकडे जुनं नाव. ज्याच्या फायली एका जागी आहेत तो एकदा शोध घेतो, कुठल्या फाइलमध्ये जुनं नाव आहे त्याची यादी काढतो, आणि बदल कधी केला याची नोंदही ठेवतो. ज्याच्या फायली डिझायनर, प्रिंटर आणि व्हॉट्सॲप यांच्यात विखुरल्या आहेत, त्याला एकेक फाइल मागत फिरावं लागतं.

इथे एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती खास आपली आहे. तुमचा मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं वेगळीच असतात. त्यात 'अहमदनगर' शोधलं तर सापडणार नाही, आणि गिटमध्येही नुसती अगम्य चिन्हं दिसतील. म्हणून प्रिंटरला सांगा, 'मला मजकूर युनिकोडमध्येही दे.' लेबलचा मजकूर वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. डिझाइन बदलेल, प्रिंटर बदलेल, मजकूर तुमचाच राहील.

वेबसाइट तुमची, पण कोड कोणाचा?

आता ज्यासाठी हा लेख लिहिला तो मुद्दा. आपल्याकडे बहुतेक छोट्या धंद्यांची वेबसाइट किंवा बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर एखादा फ्रीलान्सर करून देतो. काम चांगलं करतो, पैसे वाजवी घेतो. पण कोड असतो त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्याच अकाउंटवर. उद्या त्याला पुण्यात नोकरी लागली, फोन उचलणं कमी झालं, की आपल्या हातात काय राहतं? एक चालू वेबसाइट, जी बदलता येत नाही.

यात त्याची लबाडी असते असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा आपणच मागितलेलं नसतं.

आणि कायदा काय म्हणतो ते फार थोड्यांना माहीत असतं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्राम ही 'साहित्यकृती' धरली जाते. कलम १७ प्रमाणे लिहिणारा हाच पहिला मालक. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, आणि वेगळा करार नसेल, तर मालक तुम्ही. पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नसतो. त्याला पूर्ण पैसे दिले, तरी केवळ तेवढ्याने कोडचा कॉपीराइट तुमचा होत नाही. त्याने सही करून लेखी हस्तांतर करावं लागतं. ते कलम १९ मध्ये आहे. त्यातही मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. म्हणून वर्क ऑर्डरमध्ये हस्तांतर, मुदत आणि प्रदेश या तिन्ही गोष्टी हव्यात. वकिलाला एकदा दाखवून घ्या, मग तोच नमुना पुढच्या प्रत्येक कामाला चालेल.

माझा आग्रह असा की काम सुरू होण्याआधीच रिपॉझिटरी तुम्ही उघडा, तुमच्या ईमेलवर. मग डेव्हलपरला 'कोलॅबोरेटर' म्हणून आत बोलवा. त्याने रोजचं काम तिथेच टाकायचं. हप्ता देण्याआधी तुम्ही पाहू शकता की या आठवड्यात खरंच काही झालं की नाही. काम संपलं की त्याचा प्रवेश काढून घ्या. भांडण नाही, मागणं नाही. कोड पहिल्या दिवसापासून आपल्या कपाटात.

दोन बारकावे लक्षात ठेवा. एक, गिटमध्ये प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पूर्ण इतिहासाची प्रत असते. प्रवेश काढला तरी त्याच्याकडची प्रत पुसली जात नाही, म्हणून करार लागतोच. दोन, वेबसाइट वर्डप्रेसची असेल तर पानांचा मजकूर आणि उत्पादनांची माहिती डेटाबेसमध्ये असते. रिपॉझिटरीत फक्त थीम आणि प्लगइनचा कोड येतो. डेटाबेसचा बॅकअप वेगळा मागा. आणि डोमेन, होस्टिंगही तुमच्याच नावावर आहे ना, ते याच बैठकीत तपासून टाका.

आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणं बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणं आपल्या घरात असलं की पेरणीच्या वेळी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. धंद्यातही बियाणं असतंच: प्रमाण, प्रोग्राम, दर काढायची रीत, ग्राहकाला लिहायची भाषा. ते दुसऱ्याच्या कोठारात ठेवून आपण निवांत कसे झोपतो, हा माझा प्रश्न आहे.

'पण ड्राइव्ह आहे की!'

हा आक्षेप रास्त आहे, आणि मी तो टाळणार नाही. तुमचा धंदा अगदी सुरुवातीला असेल, पाच-सात फायली असतील, तर गुगल ड्राइव्ह पुरेसा आहे. काहीच नसण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

पण मर्यादा माहीत हवी. ड्राइव्हवर चढवलेल्या एक्सेल, पीडीएफसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या, तुम्ही 'कायम ठेवा' असं मुद्दाम सांगितलं नसेल, तर ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर पुसल्या जाऊ शकतात. दिवाळीच्या दरपत्रकाची चौकशी पुढच्या दिवाळीला होते, तीस दिवसांत होत नाही. आणि ड्राइव्ह 'कधी' आणि 'कोणी' हे सांगतो, 'का' हे सांगत नाही.

उलट बाजूही सांगतो. एक्सेलची फाइल गिटमध्ये ठेवता येते, पण आत कुठला आकडा बदलला ते गिटला वाचून दाखवता येत नाही. म्हणून दरपत्रक सीएसव्ही म्हणून साठवा, मग ओळ न् ओळ दिसते. फोटो, व्हिडिओ, मोठ्या डिझाइन फायली ड्राइव्हवरच राहू द्या. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. हिशेबाची पुस्तकं अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्येच ठेवा. प्रत्येक गोष्टीला तिची जागा असते.

खर्चाचा बाऊही करू नका. गिटहबवर प्रायव्हेट रिपॉझिटरीला पूर्वी पैसे पडायचे. जानेवारी २०१९ मध्ये त्या फुकट झाल्या, पण फक्त तीन कोलॅबोरेटरपर्यंत. एप्रिल २०२० मध्ये तीही अट गेली.

प्रायव्हेट म्हणजे किती प्रायव्हेट?

रिपॉझिटरी उघडताना 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय येतात. पब्लिक म्हणजे चावडीवर लावलेला कागद, जगातला कोणीही वाचू शकतो. प्रायव्हेट म्हणजे तुम्ही आत बोलावलेले लोकच. पण तो तिजोरीचा पर्याय नाही. म्हणून चार गोष्टी आत ठेवायच्याच नाहीत.

१. पासवर्ड, बँकेचे तपशील, पेमेंट गेटवेच्या किल्ल्या. चुकून गेलं तर फाइलमधून पुसून भागत नाही, कारण इतिहासात ते राहतंच. अशा वेळी तो पासवर्ड लगेच बदलायचा.

२. ग्राहकांचे मोबाइल नंबर, आधार, पत्ते. ही लोकांची ठेव आहे, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्याकडे तसंच बघतो.

३. मोठ्या कंपनीने विश्वासाने दिलेली ड्रॉइंग, त्यांच्या लेखी परवानगीशिवाय. गुप्ततेचा करार असेल तर ती परदेशी सर्व्हरवर चढवणं तुमच्या अंगाशी येऊ शकतं. अशा कामासाठी ऑफिसमधलाच कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह हेच तुमचं रिमोट. व्हिडिओत 'बेअर रिपॉझिटरी' दाखवली ती याच कामाची.

४. जे भागीदाराने फक्त वाचावं असं तुम्हाला वाटतं, ते वैयक्तिक खात्याच्या प्रायव्हेट रिपॉझिटरीत टाकून त्याला कोलॅबोरेटर करू नका. गिटहबच्या वैयक्तिक खात्यात कोलॅबोरेटरला वाचता येतं तसं बदलताही येतं. फक्त वाचण्याचा अधिकार द्यायचा तर 'ऑर्गनायझेशन' खातं काढा, तेही फुकट मिळतं.

आणि टू-फॅक्टर लावाच. त्याचे रिकव्हरी कोड छापून फूड लायसन्स, उद्यम प्रमाणपत्र असतात त्या फाइलमध्ये ठेवा. फोन हरवला की त्या कागदाची किंमत कळते. घरातल्या एका माणसाला हा कागद कुठे आहे ते सांगून ठेवा.

एका जागी ठेवलेली प्रत भरवशाची नाही

मोठ्या कंपनीवर टाकलं म्हणजे झालं, असं नाही. गुगलने स्वतःची कोड ठेवायची सेवा, गुगल कोड, जानेवारी २०१६ मध्ये बंद केली. लोकांना वेळ दिला होता, पण फायली हलवायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागलं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. कंपनीनेच नंतर उघडपणे सांगितलं की बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि एकही नीट चालत नव्हती. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. लोकांच्या गिट रिपॉझिटरी मात्र वाचल्या.

यातून दोन धडे. पहिला, बॅकअप उघडून पाहिला नसेल तर तो आहे असं धरू नका. दुसरा, गिटची खरी ताकद हीच की तुमच्या कॉम्प्युटरवर, गिटहबवर आणि पेनड्राइव्हवर पूर्ण इतिहासासकट तीन कपाटं राहतात. एकात कोणी गुपचूप जुनी नोंद बदलली तर बाकी दोघांशी ती जुळत नाही, लगेच कळतं. पेनड्राइव्ह दुकानात ठेवू नका, घरी ठेवा. शॉर्टसर्किट झालं तर दुकानातला कॉम्प्युटर आणि दुकानातला पेनड्राइव्ह एकाच वेळी जातील.

या रविवारी एवढंच करा

सगळं एकदम करायला गेलात तर काहीच होणार नाही. दोन तास काढा.

धंद्याच्या ईमेलवर खातं उघडा. घरातल्या कोणाच्या ईमेलवर नको. 'प्रायव्हेट' निवडून एक रिपॉझिटरी करा. गिटहब डेस्कटॉप हे ॲप घ्या, त्यात कमांड टाइप कराव्या लागत नाहीत. जुन्या व्हिडिओंमध्ये गिट वापरताना पासवर्ड टाकायला सांगतात, ते ऑगस्ट २०२१ पासून गिटहबवर चालत नाही. ॲपमधून ब्राउझरने लॉगिन केलं की झालं.

मग फक्त तीन फायली टाका: दरपत्रक, कोटेशनचा नमुना आणि तुमच्या कामाचं मुख्य 'प्रमाण', म्हणजे मसाल्याचं मिश्रण, सीएनसीचा प्रोग्राम, लॉजच्या बुकिंगचे नियम, जे असेल ते. पहिली नोंद लिहा. पुढच्या महिन्यात यातली फाइल बदलली की परत नोंद लिहा. महिनाअखेरीला पेनड्राइव्हवर पुश करा आणि वर्षातून दोनदा त्या पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं उघडून बघा.

आणि सोमवारी वेबसाइटवाल्याला फोन लावा. गोडीत सांगा, 'दादा, माझी रिपॉझिटरी तयार आहे, कोड तिथे टाकून दे. काही बाकी असेल तर हिशेब करू.' तो लगेच हो म्हणाला तर छान, माणूस चांगला आहे. त्याने टाळाटाळ केली तर तेही आजच कळलेलं बरं. ऐन दिवाळीच्या ऑर्डरच्या गर्दीत वेबसाइट बंद पडल्यावर ते कळून काय उपयोग?

कुठे अडलात तर व्हिडिओखाली लिहा. पुढच्या व्हिडिओत फ्रीलान्सरसाठी वर्क ऑर्डर कशी लिहायची, ते मुद्देवार बघू.